तामान सारीतला नकार

१८ जून, मंगळवार, आमच्या पाच दिवसांच्या जावानी आठवड्यातला लेगी

संपादकांचा फोन. सुट्टीच्या पुरवणीसाठी तामान सारीवर, म्हणजे आमच्या जुन्या जलमहालावर, लेख हवा. "आनंददायी लिहा, पाक सप्तोनो. वाचकाला वाटलं पाहिजे, उठावं आणि जावं."

वाचकानं उठावं याला माझी हरकत नाही. त्यानं दुसरीकडे जावं. माझ्या मोरीची मागची भिंत ही सुलतानांच्या जलमहालाची भिंत आहे. उठून आलेला प्रत्येक वाचक तिला टेकून फोटो काढतो, आणि आत मी अंगावर पाणी घेत असतो. ऐतिहासिक वास्तूत स्नान करणारा सध्या मी एकटाच उरलो आहे.

आमचा वस्तीप्रमुख जुमीरान सुट्टीत वाटाड्या होतो. मनोऱ्याच्या खिडकीतून सुलतान खाली पोहणाऱ्या बायकांकडे फूल फेकत आणि जिच्या हाती ते लागेल ती त्या दिवशीची आवडती, ही कथा तो दिवसातून दहा वेळा सांगतो. गेल्या वर्षी ते फूल मोगऱ्याचं होतं, यंदा गुलाबाचं आहे. मी कारण विचारलं.

"मोगरा वाऱ्यानं भरकटतो हो. लोक शंका काढायला लागले."

लोकांनी शंका काढली म्हणून इतिहास बदलतो, हे आमच्या विद्यापीठात शिकवलं नव्हतं. तिथे आम्ही सहा वर्षं ताम्रपटांवरचं संस्कृत घासत बसलो.

शेजारच्या बू रुमिनींनी (बाईला बू, पुरुषाला पाक, ही आमची आदराची हाक) आजही लोदेहचा वाडगा पाठवला. "उरली होती." नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, घरात खाणारं तोंड एकच, तरी नारळाच्या रसातली ही भाजी रोज नेमकी एका पुरुषापुरती उरते. बाई नुसत्या नजरेनं कापडावर बातिकची नक्षी मापते, पण भाजीचा अंदाज तिला अजून आलेला नाही. पूर्वी भाजी तिखटजाळ असे. एकदा मी तिखटाबद्दल बोललो, म्हणजे खोकलो. तेव्हापासून तिखट कमी झालं. मिरच्या महागल्या असाव्यात.

२० जून, गुरुवार, पोन

रुमिनींच्या पुढच्या खोलीत पाहुणा उतरला आहे. पाक रांगकुती, समुद्रापलीकडच्या मेदानचे, निवृत्त पूल-अभियंते, विधुर. आवाज असा की पुलाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा मजूर काम सोडून येईल.

आमच्याकडे पाहुण्याला 'घ्या' म्हटलं की तो 'नको' म्हणतो. पुन्हा म्हटलं की 'आत्ताच जेवलो' म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटलं की एक तुकडा उचलतो आणि त्यातला अर्धा ताटलीत ठेवतो. रुमिनींनी केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लेम्पेर पुढे करून 'घ्या' म्हटलं, तर या गृहस्थांनी घेतले. सगळे. वर विचारलं, "आणखी आहेत?"

मला वाटलं बाई आता कपाळाला हात लावणार. ती आत जाऊन आणखी घेऊन आली.

जुमीरानचा गुडघा धरला आहे, म्हणून यांना जलमहाल दाखवण्याचं काम माझ्यावर आलं. मी दोनदा नाही-नाही केलं. जुमीरान जावानीच असूनही त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही, सरळ छत्री हातात दिली. शेजारधर्म बुडत चालला आहे.

तलावाशी रांगकुतींनी चपला काढल्या. पहारेकरी हळूच जवळ आला, म्हणाला, "पाणी गार आहे, साहेब." याचा अर्थ इथलं शेंबडं पोरही सांगेल: पाय घालू नका.

"गार आहे? वा! उकडतंयच नुसतं," म्हणत रांगकुतींनी दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत आत सोडले.

पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मनोऱ्याकडे पाहिलं. मनोरा कुणाकडेच पाहत नव्हता. शेवटी पहारेकरी म्हणाला, "चपलांकडे लक्ष ठेवतो हं," आणि खरंच ठेवलं.

जमिनीखालच्या गोल मशिदीत, जिथे मधोमध जिने एकत्र येतात, तिथे या गृहस्थांनी गाणं म्हटलं. "घुमतंय का ते बघतो." घुमलं. सुट्टीवर आलेल्या एका अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. आवाज चांगला होता. लेखात हे घालणार नाही.

"बांधणारा हुशार," बाहेर येताना ते म्हणाले. "पण महालाभोवतीच्या तळ्याचं इतकं पाणी गेलं कुठं?"

"कंटाळून गेलं असेल," मी म्हणालो.

ते इतके मोठ्यानं हसले की भिंतीवरची कबुतरं उडाली. माझ्या विनोदाला लोक सहसा मान हलवतात. हसण्याची सवय नसल्यामुळे मला जरा अवघडल्यासारखं झालं.

२२ जून, शनिवार, क्लिवोन

रांगकुती बातिक शिकत आहेत. रुमिनींच्या अंगणात ठेंगण्या स्टुलावर बसतात, म्हणजे स्टूल दिसत नाही. तोटीच्या लेखणीतून गरम मेण कापडावर सोडायचं, ते मांडीवर सोडतात आणि ओरडतात. रुमिनी हसतात. दिवसभर हेच. मेण, ओरडा, हसू. इतकी वर्षं शेजारी राहून बाईला एवढे दात आहेत हे मला माहीत नव्हतं.

माझं ताम्रपटाचं भाषांतर एकाच ओळीवर अडून आहे. कुणा राजानं कुणाला तरी गाव दान दिलं. कुणाला ते कुंपणापलीकडच्या हसण्यामुळे लागत नाही.

दोन दिवस भाजी उरलेली नाही. अंदाज सुधारला म्हणायचा. चांगलंच आहे. मी नाक्यावरून गुदेग आणला. फणसाची भाजी गोड असते हे मान्य, पण ही मुरांब्यासारखी होती. टाकून दिली.

२५ जून, मंगळवार, पोन

अनर्थ.

काल जुमीरानच्या ओसरीवर गामेलानची, म्हणजे आमच्या घंटा-झांजांच्या वाद्यमेळाची, तालीम होती. रांगकुतींनी प्रत्येक मोठ्या घंटेनंतर टाळ्या वाजवल्या. वादकांना इतकं कौतुक सोसवेना, त्यांनी तीन वेळा शेवट केला. घरी परतताना गृहस्थांनी रुमिनींना सरळ विचारलं. आज सकाळी ते स्वतःच अंगणात उभे राहून सगळ्या गल्लीला सांगत होते.

"मी म्हटलं, बू रुमिनी, तुम्ही एकट्या, मी एकटा. लग्न करू या. मेदानला चला!"

"मग?" जुमीरानच्या बायकोनं विचारलं. तिच्या हातातला झाडू हवेत थांबला होता.

"त्यांनी चहा दिला! म्हणाल्या, केवढं मोठं मन तुमचं. मी साधी बाई, वडीलधाऱ्यांना विचारावं लागेल. झालं ना मग? वडीलधारे कुठं राहतात?"

चहा दिला, मनाचं कौतुक केलं, स्वतःला साधी म्हटलं, वडीलधाऱ्यांवर टाकलं. याहून स्पष्ट नकार जावा बेटावर आजवर कुणी दिलेला नाही. मेणाच्या टाक्यात बुडवून दिला असता तरी इतका ठळक उमटला नसता. आणि हे महाशय बहिणींना फोन करून मोकळे झाले होते. मेदानमध्ये म्हणे रडारड चालू आहे, आनंदाची.

कुणीतरी सांगायला हवं होतं. जुमीरान वस्तीप्रमुख, तो पुढे झाला. घसा साफ केला. म्हणाला, "तसं बघितलं तर... रविवार बरा पडेल."

"रविवार? उत्तम!"

"सुरो महिना लागायच्या आत," जुमीरानच्या तोंडून आणखी निसटलं. "सुरोत आम्ही लग्नाचं काही करत नाही."

मग तो घरात गेला आणि बायकोनं दार लावून घेतलं. आतून जे ऐकू आलं ते दरबारी भाषेतलं नव्हतं.

२६ जून, बुधवार, वागे

संध्याकाळी रुमिनी माझ्या ओसरीवर आल्या. बसल्या नाहीत. बोटांना मेण होतं.

"रविवारी मंडळी बसतील म्हणे," त्या म्हणाल्या.

"असं ऐकलं."

"मेदान लांब आहे."

"विमान जातं."

"तिकडची भाजी वेगळी असते म्हणतात."

"तिखट असते."

त्या ओसरीच्या खांबाकडे बघत राहिल्या. त्या खांबाला वाळवी लागली आहे, ती त्यांना दिसली असावी. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, पाक सप्तोनो?"

परक्या बाईच्या संसाराबद्दल मत देणं हा असभ्यपणा आहे. मी जसं म्हणायला हवं तसंच म्हणालो, "तुमची मर्जी, बू."

त्या तरीही उभ्याच. पुन्हा विचारलं, जरा हळू, "म्हणजे तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मी कोण बोलणार?"

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. माझ्या कट्ट्यावर त्यांचा एक वाडगा राहिला होता, तो उचलून गेल्या. माझं वागणं निर्दोष होतं. एखाद्या पाठ्यपुस्तकात छापता येईल. रात्री मात्र जेवण गेलं नाही. नाक्यावरच्या गुदेगवाल्याची तक्रार करायला हवी.

२८ जून, शुक्रवार, लेगी

जुमीरान सकाळी लंगडत आला. "तुम्ही त्यांना सांगा, पाक. तुम्हाला पाच भाषा येतात, त्यातल्या कुठल्यातरी एकीत नाही म्हणा."

"पण त्यांना नकोय हे नक्की का? एकदाही तोंडानं नाही म्हटलेलं नाही."

"माझ्या बायकोजवळ रडल्या. तुमच्याकडून आल्यावर." त्यानं माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. "नाही म्हणणार कशा? त्यांचा पाहुणा आहे, त्यांच्या घरात झोपतोय, त्यांच्या हातचं खातोय. घरच्या पाहुण्याचं तोंड त्यांनी काळं करायचं? ते आपणच करायला हवं."

"मग वस्तीप्रमुखानं करावं."

"माझा गुडघा."

जुमीरान नाही म्हणताना गुडघ्यानं म्हणतो. मी गेलो. या साऱ्या संकोचाचा मला मनापासून तिटकारा आहे. निम्मी वस्ती आडून बोलते आणि उरलेली आडून ऐकते. एक शब्द, दोन अक्षरं, आणि चहाच्या आत परत, असं ठरवून गेलो.

रांगकुती सदरा इस्त्री करत होते.

"मेदानला या दिवसांत हवा कशी असते?" मी म्हणालो.

"उकाडा. का?"

"नाही, इथल्या माणसाला तिथली हवा कधीकधी..."

"पंखे आहेत!"

"ते आहेच. पण झाड वाढल्यावर मुळासकट काढून दुसऱ्या मातीत लावलं, तर..."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" त्यांनी इस्त्री खाली ठेवली. "मीही हाच विचार केला. वर्षातून सहा महिने इथं राहीन. झाडालाही बरं, मलाही बरं."

मी फणसाबद्दल काहीतरी बोललो. ते फणसालाही हो म्हणाले. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "पाक सप्तोनो, रविवारी माझ्या बाजूनं तुमच्या दरबारी भाषेत बोलायला कुणीतरी लागतं ना? इथं तुमच्याशिवाय माझं कोण आहे?"

"माझी ती योग्यता नाही," मी म्हणालो. याहून ठाम नकार मला येत नाही.

"आहे हो, आहे!" म्हणून त्यांनी मला मिठी मारली.

तर आता मी वरपक्षाचा वक्ता आहे. सदऱ्याची इस्त्रीसुद्धा त्यांनीच करून दिली. माझ्या सदऱ्याची.

३० जून, रविवार, पोन

जुमीरानची ओसरी. चटया, चहा, केळीचे घड. गल्ली हजर, रुमिनींकडचे नातेवाईक दोन म्हातारे. रुमिनी आतल्या दाराशी, गडद निळ्या कापडात. रांगकुतींनी जावानी टोपी घातली होती, उलटी. कुणी सांगितलं नाही.

मी बोललो. वाईट बोललो असं म्हणणार नाही. पूर्वजांना वंदन केलं, वाटेवरच्या काट्यांची क्षमा मागितली, उत्तरेकडच्या पक्ष्यानं दक्षिणेच्या बागेत दाणा पाहिला वगैरे. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझ्या गळ्यातून दुसऱ्याची मागणी इतकी सुरेख बाहेर पडत होती की मध्येच माझं मलाच ऐकवेना.

मग वधूपक्षाकडून जुमीरान उठला. त्यानं पक्ष्याचं कौतुक केलं. पंखांचं, चोचीचं. म्हणाला, बाग लहान आहे, माळी गरीब आहेत, दाणा अजून हिरवा आहे आणि पक्ष्याला आकाश मोठं आहे. नकार इतका सुंदर होता की एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

रांगकुती माझ्या कानाशी झुकले. त्यांची कुजबूज पार विहिरीपर्यंत ऐकू गेली. "हो म्हणाले ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. भाषांतर माझंच. एवढंच म्हणायचं होतं, की मंडळी विचार करतील. मेदानची मंडळी विचार संपण्याची वाट बघत बसली असती, आणि बू रुमिनींना भिडेपोटी विमानात बसवून दिलं असतं. भिडेपोटी लग्नं झालेली मी पाहिली आहेत. ती टिकतातही, हे आणखी वाईट.

रुमिनींनी मान वर केली. इथे बायका अशा वेळी मान वर करत नाहीत.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. त्या येणार नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चहा देऊन. जुमीराननं रविवार देऊन सांगितलं. मी फणसावरून सांगत होतो. सगळी वस्ती तुम्हाला आठवडाभर नाही म्हणतेय आणि तोंड कुणी उघडलेलं नाही."

कुणाचा तरी पेला कलंडला. जुमीरानच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं. माझे कान तापले होते. चारचौघांत नागडं उभं राहिल्यासारखं वाटलं, तेही मोरीच्या भिंतीशिवाय.

रांगकुतींनी ओसरीवरच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग रुमिनींकडे वळून त्यांनी विचारलं, पण हळू, त्यांच्या मानानं खूपच हळू, "खरं?"

रुमिनींनी मान हलवली.

"अहो, मग देवानं तुम्हा लोकांना तोंडं दिलीत कशाला? चहा प्यायला?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं, कारण तरी सांगा. माणूस वाईट नाही मी. दुसरा कुणी आहे का मनात?"

यावर सगळी ओसरी माझ्याकडे पाहू लागली. का ते कळलं नाही. भाषांतर करणारा मी होतो म्हणून असेल.

१ जुलै, सोमवार, वागे

रांगकुती गेले. मी सायकलरिक्षापर्यंत बॅग उचलून नेली. रुमिनींनी वाटेसाठी लेम्पेर बांधून दिले होते. एकदाच 'घ्या' म्हटलं आणि त्यांनी एकदाच घेतले. दोघंही हसले. त्यांचं बरं चाललं होतं.

"रागावलो नाही," ते मला म्हणाले. "मी चार दिवसांत विचारलं आणि आठवडाभरात उत्तर मिळालं. तुम्ही किती वर्षं शेजारी राहताय?"

मी हवेबद्दल काहीतरी बोललो.

"हवा उत्तम आहे," ते म्हणाले आणि रिक्षात बसले. वळणापर्यंत गात होते. उद्धट माणूस. तरी मी वळणापर्यंत उभा होतो. ऊन नव्हतं म्हणून.

दुपारी लेख पाठवला. जलमहाल, तलाव, मनोरा, भुयार, पाणी गार आहे. संपादकांचा निरोप आला की लेख छान आहे, पण लेखकाला तिथे जावंसं वाटलेलं दिसत नाही.

३ जुलै, बुधवार, लेगी

सकाळी रुमिनी आल्या. रिकाम्या हातानं. आल्या आणि आज बसल्या, माझ्याच खुर्चीत, जिथे आजवर माझ्याशिवाय फक्त मांजर बसलेलं आहे. मी चहा घ्या म्हणालो.

"नको."

पुन्हा म्हणालो.

"नको म्हटलं ना. चहा नकोय मला." त्यांनी पदराचा काठ सरळ केला. "परवा चारचौघांत 'नाही' किती छान म्हणालात. तेवढंच येतं की आणखीही काही येतं?"

मी ताम्रपटाबद्दल बोलायला सुरुवात केली. दान कुणाला दिलं ते अजून लागत नाही, अक्षरं झिजली आहेत, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी सुरो लागतो. त्यानंतर अख्खा महिना कुणी कुणाला असलं काही विचारत नाही. आणि मी परत तीनदा विचारणार नाही, पाक सप्तोनो. गेल्या बुधवारी दोनदा विचारलं, आज एकदा. झाले."

गल्लीत जुमीरान एका घोळक्याला सांगत होता की सुलतान मनोऱ्यातून चाफा फेकत. आता चाफा! मी उठून त्याला दुरुस्त करायला निघालो होतो. रुमिनींनी मला बाहीला धरून खाली बसवलं.

काय बोललो ते लिहीत नाही. दरबारी भाषेत नव्हतं, एकही अलंकार नव्हता आणि मध्ये दोनदा खोकलो. या वहीत मी तक्रारी लिहितो.